ऐकलेलं घरी सांगायचं

आशाबाईच्या तोंडाला लगाम नाही, हे देवगाव रंगारीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खुरपं एक वेळ थांबेल, पण तिची जीभ थांबायची नाही. त्या साली आषाढात पावसानं ओढ दिली होती. रोज आभाळ भरून यायचं आणि रोज वारं त्याला उडवून लावायचं. पिकं माना टाकत होती, पण आशाबाईच्या अद्रकीच्या बेडवरचं गवत ठिबकच्या पाण्यावर माजलं होतं. आशाबाई आणि कडूबाई शेजारशेजारच्या बेडला बसून निंदत होत्या, आणि आशाबाई बोलत होती.

कडूबाई भीमनगरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी करुणा, तीही शहरात शिकून आता इथंच आरोग्य केंद्रात कामाला लागलेली. कडूबाईचं स्वतःचं थोडं रान होतं, बद्रीनाथच्या शेताच्या पलीकडं, नाल्याला लागून. तिथं मका पेरायची आणि उरलेले दिवस लोकांकडं रोजानं जायची. बद्रीनाथ म्हणजे आशाबाईचा नवरा. खाऊनपिऊन सुखी कास्तकार. मुलगा शिवराज पडेगावला राहून कंपनीत नोकरी करायचा. घरात कशाची ददात नव्हती, तरी बद्रीनाथच्या कपाळावरची आठी म्हणून कधी मोडायची नाही.

बोलता बोलता आशाबाईचं खुरपं ठिबकच्या नळीत घुसलं. फर्रकन पाणी उडालं. नेमका त्याच वेळी बद्रीनाथ बांधावर आला आणि त्यानं काही न विचारता कडूबाईवर तोंड सोडलं.

"डोळे हायत का भोकं? फुकटची नळी हाय का ती? फोडायला बोलावलं का तुला?"

कडूबाईनं एकदा आशाबाईकडं पाहिलं. आशाबाईनं मान खाली घातली. एरवी शंभर गोष्टी सांगणारी बाई, पण 'माझ्या हातनं झालं' एवढं काही तिच्या तोंडातून निघालं नाही. बद्रीनाथ आणखी चार शब्द बोलला, नळीला गाठ मारली आणि गेला. कडूबाई पुन्हा निंदायला लागली, जसं काही झालंच नाही.

आशाबाईला मात्र राहवेना. "कामून गप बसलीस गं? माझं नाव सांगायचं व्हतंस."

"सांगून काय, ते तुमाला बोलले असते."

"तुला राग नाय आला?"

"आला की. लई आला."

"मग?"

"आला तो बघत बसले."

आशाबाईनं खुरपं खाली ठेवलं. "राग काय बघायची चीज हाय? त्याला काय शिंगं असतात का शेपूट?"

कडूबाई हसली. "वैनी, पहिलं छातीत धडधडतं, मग कान तापतात, मग हात थरथरतो. तेवढं बघायचं. तोवर तोंड उघडायचं नाय. जरा वेळानं उतरतंय आपोआप."

"कुणी शिकवलं हे तुला?"

"विहारात. रोज बसते ना मी."

मग काय विचारता! दिवसभर आशाबाईनं तिची पाठ सोडली नाही. तुमचा देव कोणता, त्याला निवद काय दावता, उपास कधी धरता, अन् राग बघायला डोळे मिटावे लागतात की उघडे चालतात? कडूबाई बेजार झाली. शेवटी म्हणाली, "वैनी, मला निंदता येतं, शिकवता येत नाय. आषाढी पुनवेपासून आमचा वर्षावास बसतो. आश्विनी पुनवेपोत रोज सांजच्याला ग्रंथ वाचतात. येऊन बसा. काय आणायचं नाय, काय द्यायचं नाय. नुसतं बसा."

"मी? अन् तिथं?"

"दाराला कुलूप नाय आमच्या."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. बद्रीनाथ फवाऱ्याचा पंप धूत होता. तो उसळलाच. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? भावकी तोंडात शेण घालंल!"

त्याला कारणही होतं. भीमनगरातल्या लोकांच्या रानाकडं जाणारा गाडीरस्ता बद्रीनाथच्या शेतामधून जायचा. वाडवडलांपासूनचा रस्ता. ज्येष्ठात बद्रीनाथनं त्याच्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या होत्या. भीमनगरातल्या सर्जेरावांनी, म्हणजे विहाराचं सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्यानं, चार पोरं घेऊन काट्या बाजूला ओढल्या. जोराची बाचाबाची झाली. बद्रीनाथचं म्हणणं, ही नुसती पायवाट आहे, आमच्या मेहरबानीवर चालता. सर्जेराव म्हणाले, ठीक आहे, तहसीलला विचारू. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बायका मात्र कामाला येत होत्या, कारण गवत कुणाच्या भांडणासाठी थांबत नाही.

आशाबाई हिरमुसली आणि तो विषय तिनं टाकून दिला. पण पुनवेच्या दिवशी बद्रीनाथ चावडीवरून आला तो वेगळ्याच तोऱ्यात. पाय धुता धुता म्हणाला, "तुला तिकडं विहारात जायचं व्हतं ना? जा."

"आँ? अन् भावकी?"

"भावकीचं मी बघतो. चांगलंच ऐकशील, वाईट थोडंच ऐकणार हायस. जा, रोज जा."

आशाबाईला वाटलं, आपण इतकी वर्षं ह्या माणसाला उगाच दगड समजत होतो. तिनं घाईघाईनं लुगडं बदललं, नारळ घेतला, कापूर घेतला, आणि निघाली.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. चुन्यानं लख्ख रंगवलेली. समोर बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली लांबच लांब चटया. आशाबाई दारातच अडखळली. आतल्या बायकाही गप झाल्या. शेवटी कडूबाईनं बाजूला सरून आपल्या चटईवर जागा केली आणि हातानं थोपटून दाखवलं, इथं.

आशाबाई बसली. मूर्तीपुढं नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सवयीनं पुटपुटली, "देवा, शिवराजला बढती मिळू दे, पाऊस पडू दे, माझे गुडघे..."

करुणा शेजारीच होती. तिला हसू आवरेना. "काकू, इथं मागायचं नसतं."

"मग देवापुढं करायचं काय?"

"हे देव नाहीत, काकू. आपल्यासारखे माणूसच. त्यांनी जे शोधलं ते समजून घ्यायचं. पटलं तर धरायचं, नाही पटलं तर विचारायचं."

"अन् विचारलेलं चालतं?"

"न विचारलेलंच चालत नाही."

हे ऐकून आशाबाईला इतका आनंद झाला म्हणता! आयुष्यभर तिला सगळ्यांनी एकच सांगितलेलं, लई विचारू नको. वाचन झाल्यावर नारळ फोडला गेला आणि सगळ्यांनी तो चहाबरोबर खाल्ला. सगळ्यांना एकाच पातेल्यातला चहा, एकसारखे कप. आशाबाई क्षणभर कपाकडं बघत राहिली. मग प्यायली.

निघताना कडूबाईनं तिला एक गोष्ट सांगितली. "वैनी, मला कुठं वाचता येतं? मी कशी शिकले सांगू? इथं जे ऐकलं ते घरी जाऊन कुणाला तरी सांगायचं. मी करुणाला सांगायचे, ती लहान व्हती तवा. सांगताना जिथं अडखळलं, तिथं समजायचं की आपल्याला कळलं नाय. दुसऱ्या दिवशी येऊन तेवढंच विचारायचं. ऐकलेलं घरी सांगायचं, मग ते राहतं."

आशाबाईला ह्यासारखं सोपं काम दुसरं कोणतं असणार? त्या दिवसापासून तिचा नेम झाला. सांजच्याला विहारात जायचं, आल्यावर चुलीपुढं बसायचं, भाकरी थापता थापता नवऱ्याला सगळं सांगायचं. राजाचा मुलगा घर सोडून का गेला. माणसाला दुःख कशानं होतं. हवं हवं वाटतं तिथंच कसं दुखतं. शील पाच, आणि चौथं असं की खोटं बोलायचं नाही. तिथं आल्यावर ती जरा चाचरायची, का ते तिलाच ठाऊक. मग एके दिवशी रानात ती कडूबाईला म्हणाली, "नळीचं मी सांगितलं ह्यांना. माझ्या हातनं फुटली म्हणून." कडूबाई म्हणाली, "बरं केलं." एवढंच. पण दोघींना त्या दिवशी काम हलकं गेलं. दुपारी आशाबाईनं कडूबाईला घरात बोलावून घरातल्या कपात चहा दिला. गोठ्याच्या कोनाड्यात तिच्यासाठी ठेवलेला जर्मनचा पेला तिनं त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला. बद्रीनाथनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आणि बद्रीनाथ ऐकायचा! हीच तर मोठी नवलाची गोष्ट. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं तिचं बोलणं कधी अर्ध्यावर तरी नेऊ दिलं होतं का? 'बस झालं तुझं चऱ्हाट' हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि आता तो पाटावर बसून, हातातला घास हातात ठेवून ऐकत होता. वर विचारतही होता.

"मग? आज कोण कोण व्हतं?"

"सगळी व्हती. सर्जेराव मामा, करुणा, मागच्या आळीतल्या बायका."

"अन् वाचन झाल्यावर?"

"वाचन झाल्यावर बसतात जरा वेळ बोलत. रस्त्याचं चाललं व्हतं. सर्जेराव मामा म्हणले, तहसीलला अर्ज दिलाय, पण साहेब पाहणीला कवा येतील काय नेम नाय. मका काढायच्या आत आले म्हणजे बरं, नायतर गाडी कुठून न्यायची." मग तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना तो रस्ता. त्यांचं हातभर रान, मका डोक्यावर थोडाच आणतील नाल्यातून?"

"बघू की," बद्रीनाथ म्हणायचा. "तू सांग. त्या राजाच्या पोराचं पुढं काय झालं?"

आशाबाई फुलून यायची. भाकरी कधी करपायची, तरी त्याचं काही म्हणणं नसायचं. तिच्या मनात यायचं, ह्यांनाही एक दिवस घेऊन जावं. एवढं मन लावून ऐकणारा माणूस तिथं गेला तर सर्जेराव मामांचं आणि ह्यांचं आपसूक जुळेल, रस्त्याचा प्रश्न चटईवर बसल्या बसल्या मिटेल. तिनं हे कडूबाईला बोलूनही दाखवलं. कडूबाई म्हणाली, "आणा की. दाराला कुलूप नाय म्हणलं ना." आशाबाईनं मनातल्या मनात नवऱ्यासाठी चटईवरची जागाही ठरवून टाकली होती, सर्जेरावांच्या डाव्या हाताला, भिंतीशी, म्हणजे पाठ टेकता येईल.

भाद्रपदात पाऊस एकदाचा आला आणि चांगला आला. मका कणसाला आला. पुनवेला शहरात विद्यापीठामागच्या बुद्धलेणीवर कार्यक्रम होता, मोठे भन्तेजी येणार होते. भीमनगरातली झाडून सगळी माणसं पिकअपनं जाणार होती. करुणा म्हणाली, "काकू, तुम्हीही चला."

त्या रात्री आशाबाईनं सगळं सांगितलं आणि भीतभीतच विचारलं. बद्रीनाथनं दोन प्रश्न विचारले. "समदेच चाललेत का? सर्जेराव बी?"

"म्हातारीकोतारी सोडून समदे."

"अन् माघारी कवा?"

"सांज व्हईल म्हणली करुणा."

"मग जा की. रोज राबतेस, एक दिवस हिंडून ये. शिदोरी घे बरोबर."

आशाबाईनं आदल्या दिवशी दशम्या केल्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. पहाटेच पिकअप भरून निघाला. कसाबखेडा गेलं, वेरूळ आलं. ह्या वेरूळला ती किती वेळा आली असेल! घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं, पेढे घ्यायचे, माघारी. लेणी कधी पाहिलीच नव्हती. करुणानं बोट दाखवून सांगितलं, तिकडं आपली लेणी आहेत, एकदा निवांत येऊ. 'आपली' म्हणाली पोरगी. आशाबाईनं ते ऐकलं आणि काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत विशेषच.

लेणीच्या पायऱ्या चढताना तिचे गुडघे बोलायला लागले. कडूबाईनं हात धरला. वर आत अंधारात बुद्ध बसलेले होते, एवढे मोठे की मान वर करावी लागली. बाहेर शहर पसरलेलं. भन्तेजींनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास बघायला सांगितला. आशाबाईनं पहिल्यांदाच काही न मागता, काही न बोलता डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला. मधेच मन घरी गेलं, म्हशीला पेंड घातली असेल का ह्यांनी. पुन्हा तिनं त्याला ओढून आणलं. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं हे तिला सांगता येईना. "आता हे घरी कसं सांगू गं?" तिनं कडूबाईला विचारलं. दोघी हसल्या. दशम्या सगळ्यांनी खाल्ल्या, सर्जेरावांनी दोनदा मागून घेतल्या. आशाबाईच्या उभ्या जन्मात इतका सुखाचा दिवस आला नव्हता.

सांजच्याला पिकअप गावाच्या शिवेवर आला. बद्रीनाथच्या शेताकडं जेसीबीचा आवाज येत होता. सर्जेरावांनी गाडी थांबवायला सांगितली.

रस्ता नव्हताच. जिथून गाड्या जायच्या तिथं भलामोठा खड्डा झाला होता आणि बाजूला काळ्या मातीचा ढीग पडला होता. जेसीबी शेवटचे घास घेत होता. शेततळं. बांधावर बद्रीनाथ उभा होता आणि त्याच्या शेजारी पडेगावहून आलेला शिवराज, हातात मोबाईल.

"हे काय केलं?" सर्जेराव ओरडले. "अर्ज चालू हाय तहसीलला! काय केलं हे?"

"माझ्या रानात मी शेततळं घेतलं," बद्रीनाथ म्हणाला. "कुठं हाय रस्ता? दावा. साहेबाला बी दावा."

"आमी गावात नसताना?"

तेव्हा शिवराज हसला. पोरगा तसा मनानं वाईट नाही, पण शहरात राहून त्याला कुठं काय बोलावं ह्याचा पोच उरला नव्हता. "आजोबा, तुम्ही गावात असता तर मशीन आणून करणार काय? आईनं सांगितलं तुम्ही सगळे आज लेणीवर जाणार म्हणून, तेव्हाच जेसीबीवाल्याला आजचा दिवस दिला."

पिकअपमधल्या बायका खाली उतरल्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. आशाबाईनं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाई तिच्याकडं बघत नव्हती. ती खड्ड्यापलीकडच्या आपल्या मक्याकडं बघत होती.

"कडू, मला ठाव नव्हतं," आशाबाई म्हणाली. "तुझी शपथ घेऊन सांगते, मला ठाव नव्हतं गं!"

कडूबाई वळली आणि चालायला लागली. तिच्या मागं करुणा, मागं सगळ्या. दशम्यांचा रिकामा डबा तेवढा कुणीतरी आशाबाईच्या पायाशी ठेवून दिला होता.

घरी चूल पेटली नाही. आशाबाई ओसरीवर बसून राहिली. बद्रीनाथ हातपाय धुऊन आला आणि म्हणाला, "भाकरी टाक. पोरगं उपाशी हाय."

"तुमी रोज ऐकत व्हता," आशाबाई म्हणाली.

"हं."

"मला वाटलं, माझं ऐकतात. उभ्या जन्मात कधी नाय ऐकलं, आता ऐकतात. मी किती खूश झाले व्हते, ठाव हाय का तुमाला? तिथं मी वाट बघायची, कवा घरी जाते अन् कवा ह्यांना सांगते!"

"उगाच तमाशा करू नको."

"एवढं ऐकलंत त्यातलं एक सांगा मला. एकच. ते घर सोडून का गेले? दुःख कशानं व्हतं? पाच शीलं कोणती? काय तरी ध्यानात राहिलं असंल ना?"

बद्रीनाथनं खुंटीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. "पुनव ध्यानात राहिली," तो म्हणाला, आणि आत गेला.

आशाबाई मग रडली. हमसून हमसून रडली. रागानं तिचे कान तापले, हात थरथरले, आणि ते काही उतरायचं नाव घेईना. सासू मेली तेव्हा नाही, बाप मेला तेव्हा नाही, एवढी ती त्या दिवशी रडली. ज्याच्याजवळ मन उघडं केलं त्यानंच तिच्या मनात हात घालून पाहिजे तेवढं काढून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भीमनगरातली एकही बाई कामाला आली नाही. आशाबाई एकटी अद्रकीत बसली. शेजारचा बेड रिकामा होता, बोलायला कुणी नव्हतं. खुरपं चालवायचं आणि गप बसायचं. सांजच्याला ती विहारात गेली. पाय उचलत नव्हते तरी गेली.

आत बोलणं चाललं होतं. ती दारात आली आणि सगळे गप झाले, पहिल्या दिवशी झाले होते तसे नाही. सर्जेराव म्हणाले, "या, बसा." करुणानं वाचायला घेतलं. रोजच्यासारखंच वाचलं, अवघड शब्द फोड करून सांगितला. चहासुद्धा आला. पण वाचन संपल्यावर कुणी तोंड उघडलं नाही. सगळे आपापल्या कपात बघत बसले. मग आशाबाईला कळलं की हे सगळे आपल्या उठण्याची वाट बघताहेत.

बाहेर कडूबाई आली. "वैनी, तुमाला कुणी येऊ नका म्हणणार नाय. धम्म काय आमच्या एकट्याचा नाय. काय विचारायचं ते करुणाला विचारा, ती सांगंल. पण आमचं बोलणं आमी तुमी गेल्यावर करत जाऊ."

"तूच म्हणली व्हतीस, ऐकलेलं घरी सांगायचं."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "ते मी तुमाला सांगायला नको व्हतं. घर बघून सांगायला पाहिजे व्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर आशाबाईला बरं वाटलं असतं.

पंधरवड्यात मंडळ अधिकारी पाहणीला आले. सगळे त्यांना सर्कल साहेब म्हणत. शेततळ्याच्या काठी गाव जमलं. आदल्या रात्री बद्रीनाथनं आशाबाईला बजावलं होतं, विचारलं तर सांगायचं, पायवाट होती, गाडी कधी गेली नाही. आशाबाई काही बोलली नव्हती. तिचं गप बसणं त्यानं होकार समजलं, कारण बायकोचं गप बसणं त्याला ओळखू येतच नव्हतं. साहेबांपुढं तो ऐटीत म्हणाला, "साहेब, माझ्या घरातली विहारात जाते. ह्यांचंच पंचशील घेतलंय तिनं. ती तर खोटं बोलणार नाय ना? तिलाच विचारा."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. भीमनगरवाले लांब उभे होते. कडूबाई पदर धरून खाली बघत होती.

"गाडीरस्ता व्हता, साहेब," आशाबाई म्हणाली. "मी लग्न होऊन आले तवापासून बघते. भीमनगरवाल्यांच्या मक्याच्या गाड्या ह्याच वाटेनं यायच्या. आमच्या बैलांनी बी ओढल्यात. खड्डा मुद्दाम रस्त्यावर घेतला."

बद्रीनाथचं तोंड पडलं. साहेबांनी लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि तहसीलला तारीख पडेल असं सांगून गेले. त्या दिवसापासून बद्रीनाथनं तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की खायचा, कोऱ्या चेहऱ्यानं. शिवराजचा फोन आला, "आई, घरचं सोडून तू परक्यांच्या बाजूनं बोललीस. बाबांना गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." तिनं ऐकून घेतलं. उलट बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होतं, पण बोलून काय होतं ते तिनं नुकतंच पाहिलं होतं.

आश्विनी पुनव आली. वर्षावास संपायचा दिवस. विहारात खीर असते त्या दिवशी, ज्याच्या त्याच्या घरून दूध येतं आणि एकाच पातेल्यात जातं. आशाबाईनं म्हशीची धार स्वतः काढली, किटली भरली आणि सांजच्याला निघाली. वाटेत तिच्या मनात धाकधूक होती. सही केली तेव्हापासून कडूबाई रस्त्यात भेटली की मान हलवायची, पण थांबायची नाही. आज थांबेल. आज खिरीच्या पातेल्याशी आपण दोघी बसू, ती 'वैनी, साखर कमी झाली' म्हणेल.

करुणानं किटली हातात घेतली. "या काकू," म्हणाली, आणि दूध पातेल्यात ओतलं. सगळ्यांचं दूध एक झालं, कुणाचं कोणतं ते कळेना. वंदना झाली. शेवटची पानं वाचून झाली. खीर वाढली, आशाबाईच्या वाटीत कडूबाईनंच वाढली, दोन पळ्या, वर वेलदोडे. चांगली झाली होती. बायका हसत बोलत होत्या आणि आशाबाईशीही बोलल्या, म्हैस किती देते, गुडघे कसे आहेत. आशाबाईचा जीव भांड्यात पडला. गेलं मनातलं, तिला वाटलं.

वाट्या विसळून झाल्यावर सर्जेरावांनी घसा खाकरला. "तहसीलची तारीख आलीय. त्याचं जरा ठरवायचंय," ते म्हणाले आणि थांबले.

सगळे थांबले. कुणी आशाबाईकडं पाहिलं नाही, आणि न पाहण्यातच सगळं आलं. तिनं कडूबाईकडं पाहिलं. एवढंच पाहिजे होतं तिला, कडूबाईनं हातानं चटई थोपटावी, 'बसा वैनी' म्हणावं. सही करून आलेली बाई आहे ही, बसू द्या तिला, असं कुणीतरी म्हणावं.

आशाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. पदर सावरला, दारातल्या चपलांमधून आपली जोडी शोधली. मुद्दाम सावकाश शोधली. मागून कडूबाई आली. आशाबाई वळली.

"किटली धुऊन ठेवलीय," कडूबाई म्हणाली आणि किटली तिच्या हातात दिली. "सांभाळून जा, वैनी. वाटंत चिखल हाय."

आशाबाई पायरी उतरली. चांदणं पडलं होतं, बोळात कुणी नव्हतं. ती दोन घरं पुढं गेली असेल नसेल, मागं सर्जेरावांचा आवाज सुरू झाला. एक शब्दही आपल्या कानावर पडू नये म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी भरभर चालायला लागली.